डॉ. कोटणीस : पडद्यावरचे आणि प्रत्यक्षातले

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांना अवघे बत्तीस वर्षांचे आयुष्य लाभले. पत्र, वृत्तपत्र, पुस्तक, चित्रपट आणि आता महाजाल अशा प्रत्येक माध्यमाने हे आयुष्य आपापल्या परीने सांगितले. या प्रवासात सत्य किती टिकले आणि किती निसटले, याचा विचार करताना आजच्या वाचकालाही बरेच काही शिकता येते.

सोलापुरातील भैय्या चौकातून जाणाऱ्या कोणाही मध्यमवयीन माणसाला डॉ. कोटणीस कोण होते, असे विचारले तर उत्तर बहुधा लगेच मिळते. चीनमध्ये जाऊन सैनिकांवर उपचार करणारे, तेथेच विवाह करणारे आणि तेथेच देह ठेवणारे डॉक्टर. पण त्यांचा मृत्यू कशाने झाला, असा पुढचा प्रश्न केला की उत्तरांना फाटे फुटतात. कोणी रोगाची साथ म्हणतो, कोणी युद्धातील जखम म्हणतो. यातील पहिल्या उत्तराचा उगम शोधू गेल्यास तो थेट १९४६ सालच्या एका चित्रपटापाशी पोहोचतो. खरे कारण यांपैकी एकही नव्हते.

बातमी छापील असली म्हणजे ती खरी आणि संगणकाच्या पडद्यावरची असली म्हणजे ती संशयास्पद, अशी विभागणी अनेकदा केली जाते. मोबाइलवर क्षणाक्षणाला येणाऱ्या मजकुराचा अनुभव पाहता या समजुतीला आधार नाही असे नाही. परंतु डॉ. कोटणीस यांची जीवनकथा या विभागणीत नीट बसत नाही. त्यांच्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज महाजालाच्या जन्माआधी काही दशके रूढ झाला होता. महाजालाने तो निर्माण केला नाही. त्याने तो केवळ अधिक वेगाने वाटला. म्हणूनच माध्यमांच्या विश्वासार्हतेचा विचार करताना या सोलापूरकराचे आयुष्य आरंभापासून पाहणे उद्बोधक ठरते.

गिरणगावातील बालपण

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. कुटुंब मध्यमवर्गीय. दोन भाऊ आणि पाच बहिणी असा मोठा परिवार. त्या काळचे सोलापूर म्हणजे कापड गिरण्यांचे गाव. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या भोंग्यांवर शहराचा दिवस उगवत आणि मावळत असे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा कानावर पडत मुले मोठी होत. परक्या भाषेविषयी भय न वाटण्याची सवय अशा गावात आपोआप लागते. पुढे चिनी भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या या डॉक्टरचे बालपण अशा बहुभाषक गावात गेले होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

द्वारकानाथ वीस वर्षांचे होत असताना त्यांच्या जन्मगावाने एक भीषण अनुभव घेतला. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेची वार्ता येताच सोलापूर पेटून उठले. ८ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला, संतप्त जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली, आणि त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजांची सत्ता नावालाच उरली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. गांधी टोपी घालणे हाही अपराध ठरला. त्याआधीच, २७ एप्रिल १९३० रोजी, सरकारने वृत्तपत्रांना वेसण घालणारा वटहुकूम काढला होता. सोलापूरच्या कर्मयोगी या पत्राचे संपादक रामकृष्ण जाजू यांना तुरुंगात जावे लागले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या कारागृहात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी देण्यात आली. यांपैकी कुर्बान हुसेन हे गझनफर या पत्राचे संपादक होते.

या घटनांचा माध्यमांच्या विश्वासार्हतेशी निकटचा संबंध आहे. छापील पत्राच्या अखेरच्या ओळीत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे देण्याची सक्ती १८६७ च्या कायद्याने केलेली होती. परकीय सरकारने ती स्वतःच्या सोयीसाठी केली, हे उघड आहे. परंतु तिचा दुसराही परिणाम झाला. छापलेल्या प्रत्येक शब्दामागे एक नाव उभे राहिले आणि त्या नावाच्या माणसाला त्या शब्दाची किंमत मोजावी लागली. वाचकाचा छापील अक्षरावर जो विश्वास बसला, तो शाईमुळे नव्हे. शब्दामागे उभ्या राहणाऱ्या माणसामुळे बसला.

एक आवाहन आणि पाच डॉक्टर

द्वारकानाथांनी मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून शिक्षण पूर्ण केले. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी सुरू असतानाच त्यांच्या आयुष्याला वळण देणारे आवाहन देशासमोर आले. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले होते. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ रोजी वृत्तपत्रांना निवेदन दिले. देशभर चीन दिन पाळून सुमारे २२ हजार रुपयांचा निधी गोळा करण्यात आला आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडण्यात आले.

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल होते. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी हे अन्य सदस्य. सोलापूरचे डॉ. कोटणीस हे पाचवे. सप्टेंबर १९३८ च्या प्रारंभी हे पथक मुंबई बंदरातून बोटीने निघाले. त्या वेळी द्वारकानाथांना अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. परतीचा बेत सर्वांचाच होता. कायमचे जाण्यासाठी कोणीही घर सोडले नव्हते.

पथक कॅन्टनला पोहोचले तेव्हा सन यत्सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. परंतु युद्धाची गती डॉक्टरांच्या प्रवासापेक्षा अधिक होती. ऑक्टोबर १९३८ मध्ये कॅन्टन पडले आणि त्याच महिन्यात वुहानही जपान्यांच्या हाती गेले. पथक मागे सरत चुंगकिंगला, म्हणजे आजच्या चोंगछिंगला आले.

उशिरा आलेली खरी वार्ता

चुंगकिंगमध्ये असतानाच द्वारकानाथांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. सोलापूर आणि चुंगकिंग यांच्यामधले अंतर त्या काळी केवळ मैलांचे नव्हते. मध्ये समुद्र होता, युद्ध होते आणि इंग्रज सरकारची टपालावरील नजरही होती. वार्ता हाती पडेपर्यंत घरचे सारे विधी उरकलेले होते. ती उशिरा आली, पण खरी होती. घरी परत जाण्याची मुभा त्यांना सहज मिळाली असती. घरात आई होती, भावंडे होती. त्यांनी पथकाबरोबर पुढे जाण्याचा निर्णय घेतला.

चित्रपटाच्या दृष्टीने या प्रसंगात फारसे नाट्य नाही. एका तरुणाने एक कागद वाचला आणि तो आपल्या कामाला लागला, एवढेच. परंतु त्यांच्या आयुष्यातील खरा निर्णायक क्षण कोणता, असे विचारले तर तो हाच म्हणावा लागेल. पुढच्या साऱ्या निर्णयांचे बीज या एका नकारात आहे.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक यानान येथे पोहोचले. डोंगराच्या कुशीत खोदलेल्या गुहांमध्ये तेथील रुग्णालये चालत. औषधांचा तुटवडा होता, उपकरणे अपुरी होती. चोळकर आणि मुखर्जी यांना परतावे लागले. अटल, बसू आणि कोटणीस हे तिघे १९३९ च्या अखेरीस आघाडीकडे निघाले. पुढे १९४० मध्ये अटलही परतले. बसू काही काळ कोटणीस यांच्यासमवेत राहून यानानला गेले. जपानी फौजांच्या पाठीमागे, शान्सी, छाहार आणि हेबेई या प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात, कोटणीस हे एकटेच भारतीय डॉक्टर उरले.

बेथून यांच्या जागी

याच मुलखात कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथून यांनी काम केले होते. शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले होते. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये डॉ. कोटणीस यांच्याकडे सोपवण्यात आले. रुग्णालय म्हणजे भक्कम इमारत नव्हे. शत्रूची चाल दिसली की रुग्ण, खाटा, औषधांच्या पेट्या खेचरांवर आणि माणसांच्या खांद्यांवर घेऊन दुसऱ्या गावी हलायचे, अशी त्याची रीत होती.

१९४० च्या मोठ्या मोहिमेत तेरा दिवसांत आठशेच्या आसपास जखमी त्यांच्याकडे आले आणि त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या, असे चिनी बाजूच्या नोंदींमध्ये सांगितले जाते. युद्धकाळातील नोंदी सैन्याचे मनोधैर्य वाढवण्यासाठीही लिहिल्या जातात, हे ध्यानात ठेवून हा आकडा वाचावा. पण तो थोडा कमी केला तरी कामाचा भार कमी होत नाही.

या काळात ते चिनी भाषा बोलायला शिकले, वाचायला शिकले आणि तिच्यातून शिकवूही लागले. वैद्यकीय विद्यालयातील विद्यार्थी बहुतांश शेतकऱ्यांची मुले होती. त्यांच्यासाठी शस्त्रक्रियाशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिण्याचे काम त्यांनी हाती घेतले. भारतीय डॉक्टरांच्या चिनी नावांना चीन या अर्थाचे ह्वा हे अक्षर जोडण्यात आले होते. कोटणीस तेथे के दिह्वा या नावाने ओळखले जात. आजही चीनमध्ये ते याच नावाने परिचित आहेत.

रुग्णालयाच्या विद्यालयात परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा १९४१ च्या अखेरीस विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांची चिनी नावे एकत्र करून त्याचे नाव यिन्ह्वा ठेवण्यात आले. त्याच वर्षी कोटणीस यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले. भारतात सांगितल्या जाणाऱ्या कथेत हा तपशील पुष्कळदा गाळला जातो. एखाद्याला तो रुचेल, एखाद्याला रुचणार नाही. पण तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता आणि चरित्रातून तो वगळणे हीही एक प्रकारची चूकच आहे.

अखेरची रात्र

आघाडीवरील कदान्न, अपुरी झोप आणि सततची धावपळ यांनी त्यांचे शरीर पोखरले होते. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी तो मुलूख सोडून जावे, असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. रुग्णालय, विद्यालय आणि अपुरे पाठ्यपुस्तक ही तिन्ही कामे हातात होती. १९४२ हे वर्ष त्या मुलखासाठी सर्वांत कठीण होते. जपानी फौजा गावेच्या गावे जाळत होत्या.

८ डिसेंबर १९४२ च्या रात्री झटके सुरू झाले आणि ९ डिसेंबरच्या पहाटे हेबेई प्रांतातील तांग परगण्यात गेगोंग या खेड्यात त्यांचे निधन झाले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. मृत्यूचे कारण अपस्मार. ना साथ, ना गोळी.

वार्तेचा प्रवास

हेबेईच्या खेड्यातून ही वार्ता सोलापूरला येण्याचा सरळ मार्ग त्या वेळी नव्हता. यानानभोवती चीनच्या राष्ट्रवादी सरकारची नाकेबंदी होती. इकडे भारतात ऑगस्ट १९४२ च्या चले जाव आंदोलनानंतर वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले होते. काही पत्रे बंद पडली होती, काहींनी स्वतःहून प्रकाशन थांबवले होते. अशा काळात दूर देशीच्या एका डॉक्टरच्या मृत्यूची इत्थंभूत हकीकत कोण आणि कशी छापणार?

तपशील घेऊन आले ते डॉ. बसू. १९४३ मध्ये ते भारतात परतले. पाचांपैकी चौघे परतले, एक परतला नाही. याच आशयाचे शीर्षक देऊन लेखक-पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकाची हकीकत सांगणारे इंग्रजी पुस्तक १९४४ मध्ये लिहिले. येथपर्यंत कथेची साखळी अखंड होती. ज्याने पाहिले त्याने सांगितले, ज्याने ऐकले त्याने आपल्या नावानिशी लिहिले.

त्यानंतर पटकथा आली. अब्बास आणि वि. प्र. साठे यांच्या लेखनावर व्ही. शांताराम यांनी डॉ. कोटनीस की अमर कहानी हा चित्रपट १९४६ मध्ये पडद्यावर आणला. शांताराम यांनी स्वतः कोटणीस यांची आणि जयश्री यांनी त्यांच्या पत्नीची भूमिका केली. चित्रपटाची इंग्रजी आवृत्तीही निघाली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील देशाला या चित्रपटाने एक नायक दिला. तो नसता तर कोटणीस हे नाव सोलापूरच्या बाहेर फारसे राहिले नसते, हे मान्यच करावे लागेल.

परंतु पडद्यावरील नायकाला अपस्माराने मरण येणे पटकथेला परवडणारे नव्हते. चित्रपटातील कोटणीस प्लेगच्या भीषण साथीवर उपाय शोधतात आणि तोच रोग अखेर त्यांना गाठतो. जपानी तुकडी त्यांना पकडते आणि ते निसटतात. कथेला कळस हवा होता, तो मिळाला. चित्रपट हा चित्रपट म्हणून पाहिला तर यात आक्षेपार्ह काही नाही. अडचण झाली ती पुढे. प्रेक्षकाने घरी जाऊन ही कथा सांगितली, ऐकणाऱ्याने ती माहिती म्हणून स्वीकारली आणि पडद्यावरचा प्रसंग चरित्रातील घटना होऊन बसला. छापील लेखनही या मोहातून सर्वस्वी सुटले नाही.

दुरुस्ती करणारी माणसे

ही चूक कायमची राहिली नाही, कारण ती दुरुस्त करणारी माणसे होती. द्वारकानाथांचे बंधू मंगेश कोटणीस यांनी घरातील आठवणींच्या आधारे त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. डॉ. बसू यांची चीनमधील दैनंदिनी पुस्तकरूपाने आली. क्वो छिंगलान यांनीही आपल्या सहजीवनाच्या आठवणी लिहिल्या. त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. यिन्ह्वा मात्र १९६७ मध्ये, वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच वारला.

या तिन्ही लेखनांना मर्यादा आहेत. भावाला भावाचे प्रेम आहे, सहकाऱ्याला आपल्या विचारसरणीची ओढ आहे, पत्नीने अनेक वर्षांनी आठवून लिहिले आहे. तरीही त्यांचे मोल वेगळे आहे. तिघांनीही त्यांना प्रत्यक्ष पाहिले होते आणि तिघांनीही आपल्या नावाने लिहिले. एकाची आठवण दुसऱ्याच्या नोंदीशी ताडून पाहता येते. मृत्यूचे कारण, रुग्णालयातील काम, विवाह या मुख्य गोष्टींवर या लेखनाचा मेळ बसतो. तपशिलात जेथे फरक पडतो तेथे तो उघड दिसतो.

१९६२ च्या युद्धानंतर भारत आणि चीन यांच्यातील संबंध बिघडले. त्या काळात चीनमध्ये गेलेल्या भारतीयाची आठवण काढणे भारतात अवघड झाले. पुढे संबंध सुधारू लागले तसे त्यांचे नाव पुन्हा पुढे आले. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. त्यांच्या अस्थी १९५३ मध्येच शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत हलवण्यात आल्या होत्या. तेथे बेथून यांचीही समाधी आहे. भारतभेटीवर येणारे चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले. २०१४ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी दिल्लीत त्यांच्या वृद्ध भगिनीची भेट घेतली. राजकारणाला मैत्री दाखवायची असेल तेव्हा हे नाव आठवते आणि वैर असेल तेव्हा विसरते. बातम्यांमधून कोटणीस यांचे दर्शन किती घडावे, हे बऱ्याच अंशी त्यांच्या कार्यापेक्षा दोन सरकारांच्या मनःस्थितीवर ठरत आले आहे. छापील असो वा महाजालावरील, प्रत्येक बातमी वाचताना हे भान असणे आवश्यक आहे.

महाजालावरील कोटणीस

आज कोणताही विद्यार्थी संगणकावर किंवा मोबाइलवर हे नाव लिहून क्षणात माहिती मिळवू शकतो. ही सोय लहान नाही. पूर्वी त्यासाठी जुन्या पुस्तकांच्या शोधात ग्रंथालये पालथी घालावी लागत. परंतु या सोयीबरोबर काही खाचखळगेही येतात. पहिली अडचण नावाचीच. मराठीत कोटणीस, हिंदीत कोटनीस किंवा कोटनिस, चिनीत के दिह्वा. पत्नीच्या नावाची रूपे तर लिहिणाऱ्यागणिक बदलतात. एका रूपाने शोध घेतला तर दुसऱ्या रूपाखालील चांगली माहिती नजरेआड राहते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. महाजालावर एक मजकूर अनेक ठिकाणी जसाच्या तसा आढळतो. वाचकाला वाटते, इतक्या ठिकाणी आहे म्हणजे खरेच असणार. वस्तुतः साक्षीदार एकच असतो; बाकीच्या साऱ्या प्रती. अनेकदा तो साक्षीदारही नसतो, चित्रपट असतो. बंधू, पत्नी आणि सहकारी या तीन साक्षींचा मेळ आणि एकाच मजकुराच्या तीसशे प्रती यांतील फरक शोधयंत्राला सांगता येत नाही. तो वाचकालाच ओळखावा लागतो.

तिसरी बाब दुरुस्तीची. छापील वृत्तपत्रात चूक झाली तर ती कायमची कागदावर राहते. दुसऱ्या दिवशीचा खुलासा ती पुसू शकत नाही, पण चूक आणि खुलासा दोन्ही ग्रंथालयात शोधता येतात. महाजालावर चूक क्षणात सुधारता येते, ही त्याची मोठी शक्ती. मात्र ती गुपचूप सुधारली तर आधी काय लिहिले होते, याचा मागमूस उरत नाही. आणि एव्हाना पसरलेल्या प्रती कोणी सुधारत नाही. जे संकेतस्थळ लेखकाचे नाव देते, दिनांक देते आणि दुरुस्ती केल्याचे उघड सांगते, ते छापील पत्राइतकेच विश्वासार्ह ठरू शकते. जे यांपैकी काहीच देत नाही, ते केवळ नवे आहे म्हणून नव्हे, तर निनावी आहे म्हणून संशयास्पद ठरते. निनावी छापील पत्रकालाही हाच न्याय लागू आहे. १८६७ च्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे आणि डिजिटल वृत्तमाध्यमांसाठी २०२१ पासून तक्रार निवारणाचे नियमही आहेत. पण कायदा जबाबदारीची चौकट देतो. सत्याची काळजी लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने घ्यावी लागते.

गावाची साक्ष

भैय्या चौकातील कोटणीस यांच्या घराचे सोलापूर महापालिकेने जतन केले आणि २०१२ पासून तेथे त्यांचे स्मारक आहे. येथून निघालेला मुलगा कोठे पोहोचला, याची जाणीव ते भेट देणाऱ्याला करून देते. सोलापूरच्या शाळांतील मुलांनी चित्रपट जरूर पाहावा. पण त्याआधी किंवा त्यानंतर या घराचा उंबरठाही ओलांडावा.

कारण पडद्यावरच्या कथेने त्यांना मोठे केले, असे वाटते. प्रत्यक्षात तिने त्यांचे मोठेपण थोडे झाकले. साथीवर विजय मिळवून मरणारा नायक दूरचा वाटतो. वडिलांच्या मृत्यूची वार्ता वाचून पुन्हा कामाला लागणारा, झटके येत असतानाही अपुरे पाठ्यपुस्तक पुढे नेणारा आणि उपचारासाठी रजा न घेणारा डॉक्टर आपल्यातला वाटतो. त्याच्या धैर्याला रंग चढवण्याची गरज नाही. खोट्या तपशिलाने जेव्हा एखाद्याचा गौरव होतो, तेव्हा त्याने प्रत्यक्षात सोसलेले मात्र नोंदीतून पुसले जाते.

डॉ. कोटणीस यांच्या आयुष्याची खरी हकीकत टिकली ती एखाद्या माध्यमाच्या श्रेष्ठत्वामुळे नव्हे. नाकेबंदीतून परत आलेला एक सहकारी, घरातील आठवणी जपणारा एक भाऊ आणि उतारवयात आठवणी लिहून ठेवणारी एक पत्नी, अशा तिघांनी ती टिकवली. पडदा रुपेरी असो की संगणकाचा, त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक ओळीला विचारण्याजोगे प्रश्न तेच आहेत : हे कोणी पाहिले, कोणी लिहिले आणि चुकले तर उत्तर कोण देणार? या प्रश्नांना उत्तर मिळाले तर महाजालावरची ओळही खरी, न मिळाले तर छापलेला ग्रंथही ताडून पाहण्याजोगा.